दारातला किंतु

आमच्या धंद्याला लोक धुरी म्हणतात आणि आम्हाला धुरीवाले. धूर मात्र आम्ही जन्मात कधी काढला नाही. वाळवी नाहीतर लाकूडकिडा लागलेलं घर आम्ही फटी बुजवून बंद करतो, बाहेरून नळीनं आत गॅस सोडतो आणि किडा मेला की घर मोकळं करून देतो. गॅसला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. समोर किडा आहे की माणूस, हेही त्याला कळत नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे.

ती सासऱ्यांनी घातली. शेवटचं दार लागलं, त्याच्या कडेनं पट्टी चिकटवून झाली, की सिलिंडरच्या तोटीची चावी ज्याच्या हातात असेल त्यानं विचारायचं, "किंतु?" आणि दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपापल्या तोंडानं सांगायचं, "नाही." एकानं जरी "आहे" म्हटलं तरी पट्ट्या काढायच्या, दार उघडायचं आणि किंतु काय आहे ते बघायचं. मग तो आमचा माणूस असो नाहीतर गंमत बघायला आलेला शेजारी.

लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा पोरखेळ वाटला होता. मी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांनाच, विचारलं, की सरळ 'सगळं ठीक ना' असं विचारायला काय होतं? ते म्हणाले, "ठीक ना म्हटलं की माणूस सवयीनं हो म्हणतो. किंतु विचारला की त्याला शोधावं लागतं." अण्णा एरवी तोंडात गुळणी धरून बसणारा माणूस. एवढं बोलले म्हणजे मोठंच भाषण झालं, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

अण्णा गेल्यावर चावी माझ्याकडे आली. आमच्या ह्यांना रबरी मोज्यांच्या नुसत्या वासानं शिंका सुटतात, त्यामुळे ते कापडाच्या दुकानात नोकरी करतात आणि सुखी आहेत. कामावर मी आणि माझे धाकटे दीर. त्या दिवशी तिसरी होती माझी नणंद.

वन्सं शब्दकोशाच्या कचेरीत आहेत. तिथे मी लग्न होऊन आले तेव्हापासून 'क' चाललाय. "'क' संपायच्या आत मी निवृत्त होणार," असं त्या स्वतःच म्हणतात. आता त्या 'किंतु'पाशी अडल्या होत्या. हा शब्द कामाच्या जागी, माणसांच्या तोंडून ऐकायचाय म्हणून त्या आमच्या गाडीत येऊन बसल्या, दोन सिलिंडरच्या मध्ये, मांडीवर डबा घेऊन.

"एका शब्दासाठी एवढा प्रवास?" मी गाडी चालवता चालवता म्हटलं. "त्यात काय लिहायचंय? किंतु म्हणजे पण."

"पण म्हणजे पण, वहिनी. 'मनात पण आला' असं म्हणतेस का कधी? 'मनात किंतु आला' म्हणतेस." वन्संना कोणी असं डिवचलं की त्या खुलतात. "संस्कृतातला साधा जोडशब्द. किम् म्हणजे काय, तु म्हणजे पण. दोन वाक्यं जोडायची, एवढंच त्याचं काम. माणूस चांगला आहे, किंतु तापट आहे. पुढे मराठीत कधीतरी त्याचं मागचं वाक्य गळून पडलं, पुढचंही गळून पडलं, आणि मधला सांधा तेवढा माणसांच्या मनात राहिला. एकटाच."

"म्हणजे शंका," दीर मागून म्हणाले.

"नाही. शंका दुसऱ्याबद्दल येते. संकोच चार लोकांचा वाटतो. टोचणी लागते ती करून बसल्यावर. किंतु येतो तो करायच्या आधी, आणि आपल्याच हाताबद्दल येतो. आता हे सगळं दोन ओळींत कसं बसवू, तेवढं सांग."

"बसवू नका," मी म्हटलं. "'क' संपू दे एकदाचा."

घर एका सुताराचं होतं. गल्लीच्या टोकाला, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक लांबलचक खोली. घरातलं सगळं लाकूडसामान सुतारकाकांनी स्वतः केलेलं, आणि सगळ्याला किडा लागलेला. टेबलाच्या पायाशी, पलंगाखाली, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पिठासारखा भुसा पडला होता. कान देऊन ऐकलं तर लाकडातून कुरतडल्याचा आवाज येत होता. बायको गेल्यापासून काका एकटेच राहत होते. आता त्यांना लेक आपल्या घरी नेणार होती. घर गॅस देऊन, साफ करून भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. ठरवलं लेकीनं. आम्हाला फोनही तिनंच केला होता.

आमची कामं नेहमीच्या क्रमानं झाली. खाण्याच्या वस्तू, औषधं, कुंड्या, माशांची काचेची बरणी, सगळं अंगणातल्या बाकावर आणून ठेवलं. मग आत जाऊन गॅस कानाकोपऱ्यात पोचावा म्हणून दिसेल ते उघडलं. ड्रॉवर बाहेर ओढले, गाद्या भिंतीला उभ्या केल्या, पेट्यांची झाकणं वर केली, कपाटांची दारं सताड उघडली. आमच्यात उघडं म्हणजे बघून झालेलं. बंद काही दिसलं की ओरडायचं, उघड्याकडे पुन्हा वळून बघायचं नाही. अशी सवय लागली नाही तर दिवसाला एक घरही व्हायचं नाही.

लेक सकाळीच सामान घेऊन गेली होती. मी फाटकापाशी नळी सोडवत होते तेव्हा काका आले आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली. आयुष्यभर भुसा खाल्लेला त्यांचा घसा, बोलले की कानस घासल्यासारखं वाटायचं. "लेक कोपऱ्यावर गाडी घेऊन थांबलीय," ते म्हणाले. "निघतो." मी "सांभाळून जा काका" म्हटलं आणि पुन्हा नळीत डोकं घातलं.

दुपारी शेवटचं दार बंद केलं. दीरांनी कडेनं पट्टी लावली, कवटीचं चित्र असलेली पाटी अडकवली. नळी कुलपाच्या भोकातून आत घेतलेली होती. मी तोटीवर चावी बसवली आणि विचारलं, "किंतु?"

"नाही," दीर म्हणाले.

"नाही," वन्सं म्हणाल्या. आपल्यालाही उत्तर द्यायचा मान मिळाला म्हणून त्या खुशीत होत्या.

"आहे."

माझा हात चावीवर होता. मी आधी दीरांकडे पाहिलं, ते बहिणीकडे बघत होते.

"ताई, इथे चेष्टा करायची नसते हं," ते म्हणाले. "अण्णा असते तर कान उपटले असते तुझे."

"मी 'नाही' म्हटलं. तुझ्यासमोर म्हटलं."

"मग कोण म्हणालं?"

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, पोराचाही नव्हता. स्वच्छ, पातळ, पाणी पिऊन ताजा झाल्यासारखा आवाज. आणि तो आला होता समोरून, दारातून. मला पहिल्यांदा आला तो राग. भीती नंतर आली. एवढी पट्टी चिकटवल्यावर कोणी असलं काही बोललं की मला रागच येतो.

पद्धत ती पद्धत. आम्ही पट्ट्या काढल्या आणि दीर आणि मी दोघं आत गेलो. ड्रॉवर जिभा काढल्यासारखे बाहेर लोंबत होते. आम्ही पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, गाद्यांच्या मागे पाहिलं, वर गेलो, माळ्यावर विजेरी मारली. दीरांनी "कोणी आहे का?" म्हणून हाका मारल्या. आम्ही थांबलो की कुरतडण्याचा आवाज तेवढा यायचा. आम्ही पुन्हा चालायला लागलो की तोही थांबायचा, म्हणजे मला तरी तसं वाटलं. वरच्या खोलीत माझ्या मानेवर काटा आला. कोणीतरी माझ्याबरोबर श्वास रोखून धरलाय असं वाटलं. मी ते दीरांना सांगितलं नाही. मालकिणीनं असलं काही सांगायचं नसतं.

खाली येऊन दार लावलं, पुन्हा पट्टी लावली.

"किंतु?"

"नाही," दीर म्हणाले, जरा मोठ्यानं.

"नाही," वन्सं हळूच म्हणाल्या.

"आहे."

ह्या वेळी मी दाराकडेच बघत होते. फळी हलली नाही, पट्टी थरथरली नाही. शब्द मात्र माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर उमटला. वन्संनी माझा दंड पकडला, अजून तिथे त्यांची बोटं जाणवतात.

"वहिनी," दीर घाईघाईनं बोलायला लागले, "घर जुनं आहे. उन्हानं लाकूड करकरतं. आपण आताच सगळं बघून आलोय. आणि अण्णांचा नियम दाराशी उभं असलेल्यांसाठी आहे. आपण तिघं उभे आहोत, दोघांनी 'नाही' म्हटलं, तुम्ही विचारलंत. संपलं. कोणाचाच नसलेला किंतु धरायचा तर धंदा बंद करावा लागेल."

मला ते पटलं. खरं सांगते, अगदी मनापासून पटलं. मला घाम आला होता, भूक लागली होती, आणि त्या आवाजापासून लांब पळायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तोटी उघडून गाडीत जाऊन बसणं. मी चावी धरली. अर्धा आटा फिरला की काम झालं असतं.

"मग विचार ना त्याला," वन्सं म्हणाल्या.

"कोणाला?"

"जो कोणी आहे त्याला. किंतु म्हणजे नकार नाही, वहिनी. सकाळी मी काय सांगितलं? काय आणि पण. 'आहे' म्हणाला, मग पुढचं विचारायला नको का? 'पण काय' म्हणून?"

एवढ्या भेदरलेल्या अवस्थेतही ही बाई शब्दाची फोड करत होती. माझं डोकंच फिरलं. मी चावी सोडली, दारावर मूठ आपटली आणि ओरडले, "पण काय? बोला की एकदा! पण काय?"

काही नाही. उत्तर नाहीच, पण गप्प बसण्याची एक तऱ्हा असते. रिकामं घर गप्प असतं तसं ते नव्हतं. परीक्षेत प्रश्न विचारल्यावर येत असूनही पोराला सुचत नाही, ते कसं गप्प असतं, तसं होतं. आम्ही तिघं तसेच उभे राहिलो, आणि कोणी उत्तर देईना म्हणून मीच मनात उत्तर शोधायला लागले. पण काय? आत काय राहिलं? सगळं बाहेर आहे. कुंड्या बाहेर, मासे बाहेर, औषधं बाहेर.

औषधं बाहेर.

बाकावर काकांच्या गोळ्यांचा डबा होता, सकाळ-दुपार-संध्याकाळचे कप्पे असलेला. बाजूला त्यांचा चष्मा, घडी घालून ठेवलेला. आणि बाकाखाली वहाणा, एकमेकींना चिकटून. चष्म्याशिवाय, वहाणांशिवाय माणूस कोपऱ्यावरच्या गाडीत जाऊन बसला?

मी लेकीला फोन लावला. "काका पोचले का नीट?"

"पोचले म्हणजे?" ती म्हणाली. "बाबा तुमच्या गाडीतून येणारेत ना? मला म्हणाले, धुरीवाल्यांना शेवटपर्यंत काही विचारायचं असलं तर मी थांबतो, तेच मला आणून सोडतील."

मी फोन तसाच चालू ठेवून पट्ट्या ओरबाडायला लागले. दीर माझ्या आधी आत शिरले.

आता आम्ही हाका मारत नव्हतो. मी जिन्यावरून वर धावले आणि लांब खोलीच्या दारात उभी राहिले. समोर भिंतभर मोठं कपाट, बायकोसाठी केलेलं असणार, दारांवर कोरीव वेलबुट्टी. दोन्ही दारं मीच सकाळी सताड उघडली होती. आत रिकामे कप्पे, हे आम्ही सकाळीही पाहिलं होतं आणि मघाशी शोधतानाही. डावं दार पार मागे जाऊन कोपऱ्याच्या भिंतीला टेकलं होतं, निदान तसं वाटत होतं. मी ते धरून ओढलं.

काका तिथे उभे होते. दार, कपाटाची बाजू आणि भिंत यांच्यामधल्या तिकोनी जागेत, अनवाणी, हात खाली सोडून, फोटो काढायला उभं केल्यासारखे. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते, पण आधी मी कोण हे त्यांना कळलं नसावं.

मी किंचाळले नाही. मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार पडला होता.

"काका," मी म्हटलं, "हे काय हो?"

"तुम्ही दार उघडलंत ना," त्यांचा घसा खरखरला. "ते कुठवर येतं मला ठाऊक होतं, मीच बसवलंय. मागे एक माणूस मावतो. तुम्हाला किल्ली देऊन परत वर आलो, सहज उभा राहिलो. मग खालचं दार लागलं, आणि बाहेर यायला काही कारण सापडेना."

"आणि आम्ही हाका मारल्या त्या? आम्ही विचारलं तेव्हा 'आहे' म्हणालात, तेव्हाच बाहेर यायचं ना."

"मी कुठे बोललो? मी तोंड मिटून होतो. तो तुमच्यातलाच कोणीतरी. मला तर आवाज तुमच्या बाजूनं आला. दोन्ही वेळा."

दीरांनी वळून खालच्या दाराकडे पाहिलं.

"मग तुम्ही विचारलंत, पण काय," काका म्हणाले. "तेव्हापासून तेच शोधतोय. येईना पटकन."

आम्ही त्यांना धरून खाली आणलं, बाकावर बसवलं. वन्संनी डब्यातलं खायला दिलं, त्यांनी दोन घास खाल्ले. लेक आली ती गाडी गल्लीत आडवी सोडून पळतच आली. आधी ती माझ्यावर बरसली, सगळं घर धुंडूनसुद्धा जिवंत माणूस दिसत नाही म्हणजे काय म्हणून. तिचं बरोबरच होतं, मी ऐकून घेतलं. मग तिनं बापाला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. लाकूड गुळगुळीत झालंय का बघताना फिरवतात, तसा.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि भराभरा सगळं आवरायला घेतलं. ती तसलीच आहे, आणि मी तिला नावं ठेवू शकत नाही, मीही तसलीच आहे. "तुमचं काम करून टाका," ती मला म्हणाली. "हे घर आजच बंद होऊ दे. बाबांना मी आता डोळ्यांआड होऊ देणार नाही. खोली तयार आहे, पलंग आणलाय, खिडकीशी टाकलाय. चला बाबा, चष्मा घाला."

खरं तर मला तिथून पळून जायचं होतं. पण घर अर्ध्यावर सोडलं असतं तर लोकांना बोलायला विषयच मिळाला असता. आम्ही दोघांनी पुन्हा खोली न् खोली पाहिली, ह्या वेळी प्रत्येक उघडं दार ओढून, मागे बघून. मग दार लावलं. दीरांनी लावलेली पट्टी वाकडी गेली. लेक आणि काका निघायच्या तयारीत दाराशीच उभे होते.

मी चावी हातात घेतली. खरं सांगायचं तर मी त्या दाराला घाबरत होते. तरी विचारलं, "किंतु?"

"नाही," दीर पुटपुटले.

वन्संनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही."

दार गप्प होतं. लेक वैतागून म्हणाली, "मलाही सांगावं लागतं का? नाही."

मी काकांकडे वळले. ते दाराशी उभे होते, म्हणजे त्यांनाही विचारायलाच हवं होतं.

"आहे," काका म्हणाले.

दीरांच्या हातातली पट्टीची गुंडाळी पडली आणि अंगणात लोळत गेली. तो खरखरणारा घसा नव्हता. तो स्वच्छ, पातळ आवाज होता, मघाचाच, दारातून दोनदा आलेला. काकांनाही तो ऐकू गेला असावा, कारण त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

लेकीला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं फक्त बापाचं तोंड पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिची घाई थांबली.

"पण काय, बाबा?" तिनं विचारलं.

"मला तुझ्याकडे यायचं नाहीये," ते त्याच आवाजात म्हणाले. "ठरवताना मला कोणी विचारलंच नाही."

मी तोटीवरची चावी काढून घेतली. वन्संनी बाप-लेकीला बसायला बाकावरच्या कुंड्या सरकवून जागा केली.